यांनाच का, आणि आत्ताच का?

श्रोतेहो, नमस्कार. समजा, ४२ वर्षांच्या एक बाई मनोविकारतज्ज्ञाकडे आल्या आहेत. दोन महिने झोप उडालीय. सारख्या म्हणतात, "मी कुणाच्याच कामाची नाही." नैराश्याचं निदान तासाभरात होतं. पण हा आजार यांनाच का झाला, आणि आत्ताच का?

उत्तरं अनेक मिळतात. शरीराकडे पाहणारा डॉक्टर म्हणेल, आईलाही हाच त्रास होता. शिवाय थायरॉईड तपासा. (थायरॉईड मंदावलं तर असंच चित्र दिसू शकतं. ही तपासणी राहून जाता कामा नये.) दुसरा म्हणेल, आई गेली तेव्हा त्या ९ वर्षांच्या होत्या. तिसरा त्यांच्या विचारांकडे बोट दाखवेल, चौथा नुकत्याच सुटलेल्या नोकरीकडे.

शरीर, मन आणि समाज एकत्र पाहा, असं अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज एंगल यांनी १९७७ साली आग्रहानं मांडलं. मला ते मनापासून पटतं. पण व्यवहारात त्याचे तीन रकाने झाले. रकाने भरले की केस समजली, असं आपण मानू लागलो. समज येते ती एका रकान्यातून दुसऱ्याकडे बाण काढताना.

आई लवकर गेली, म्हणून माणसं टिकत नाहीत हे मनात बसलं असेल. म्हणून नोकरी गेल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. संकटाच्या वेळी मन मोकळं करायला जवळचं माणूस नसेल, तर नैराश्याचा धोका वाढतो, हे ब्राउन आणि हॅरिस या संशोधकांनी लंडनमधल्या स्त्रियांच्या अभ्यासातून १९७८ साली दाखवलं होतं. एकटेपणात झोप गेली. झोपेविना प्रत्येक सकाळ हरल्यासारखी वाटू लागली, फोन उचलणं थांबलं, एकटेपणा आणखी वाढला. हे चक्र दिसलं की सुरुवात कुठून करायची तेही कळतं. मी आधी झोपेकडे पाहीन, लागलं तर औषधही देईन. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला ३३ वर्षांपूर्वीच्या दुःखाबद्दल बोलतं करणं मला निर्दयपणाचं वाटतं.

आणि ही सगळी जुळणी त्यांच्यासमोर ठेवायची. त्या कदाचित म्हणतील, "नाही हो डॉक्टर, मावशीनं मला आईच्या मायेनं वाढवलं. मला पोखरतंय ते कर्ज. घरात कुणालाच माहीत नाही."

मग आईपासून काढलेला तो बाण खोडायचा, आणि कर्जाबद्दल विचारायचं.