एकच केंद्रक, तीन आकार

[दृश्य: नाशिक, कॉलेज रोड. एमएस्सीची भौतिकशास्त्र प्रयोगशाळा. गॅमा किरण मोजणारा सोडियम आयोडाइड डिटेक्टर.]

डिटेक्टरसमोर युरोपियम-१५२ चा स्रोत ठेवतात तो ऊर्जेचं कॅलिब्रेशन (मोजपट्टी जुळवणं) करायला. पण केंद्रकांचे आकारही याच स्पेक्ट्रममध्ये वाचता येतात.

युरोपियमची सुमारे ७२ टक्के केंद्रकं समेरियम-१५२ होतात, उरलेली गॅडोलिनियम-१५२. समेरियमचे गॅमा १२१.८ आणि २४४.७ केईव्हीचे (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक), म्हणजे केंद्रकाच्या ऊर्जापातळ्या तळापासून १२१.८ आणि ३६६.५ वर. वरच्या पातळीचं खालच्या पातळीशी गुणोत्तर ३.०१. केंद्रक सोनाका द्राक्षासारखं लांबट असून फिरत असेल, तर गुणोत्तर ३.३३ कडे जातं. गोलसर आणि कंप पावणारं असेल, तर २ च्या आसपास राहतं. गॅडोलिनियमचे गॅमा ३४४.३ आणि ४११.१ चे, पातळ्यांचं गुणोत्तर २.१९. वस्तुमानांक तोच, आकार वेगळा.

[दृश्य: स्पेक्ट्रम, ४०० ते ४५० केईव्ही.]

अडचण इथे येते. ४११ च्या शेजारी ४४४ ची रेषा आहे आणि सोडियम आयोडाइडमध्ये दोन्ही एकमेकींत मिसळतात. शिवाय स्रोत अगदी जवळ ठेवला की १२१.८ आणि २४४.७ एकाच वेळी आत शिरतात, ३६६.५ ला खोटी रेषा उमटते. स्रोत २५ सेंटिमीटरवर न्यावा आणि मोजणी जास्त वेळ चालवावी.

[दृश्य: क्लोव्हर डिटेक्टरांची रचना.]

मोठ्या प्रयोगांत जर्मेनियमच लागतं. मुंबईचं टीआयएफआर, दिल्लीचं आययूएसी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी या संशोधन संस्थांमध्ये आळीपाळीने फिरणाऱ्या ‘इंगा’ या रचनेत क्लोव्हर डिटेक्टर असतात. प्रत्येकात द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेले चार स्फटिक. गॅमा एका स्फटिकातून विखरून शेजारच्यात गेला, तर दोन्ही नोंदींची बेरीज करून पूर्ण ऊर्जा मिळवतात. १३३२ केईव्हीला रेषेची रुंदी साधारण २ केईव्ही. एका रेषेवर गेट लावला, म्हणजे तिच्यासोबत एकाच वेळी नोंदले गेलेले गॅमाच निवडले, की तिच्याच साखळीतले गॅमा उरतात.

आता शिसं-१८६. प्रोटॉन ८२, न्यूट्रॉन फक्त १०४. स्थिर शिसं-२०८ पेक्षा २२ कमी. याच्या सर्वांत खालच्या तिन्ही पातळ्यांची फिरकी (केंद्रकाचा कोनीय संवेग) शून्य: तळाची गोल, ५३२ केईव्हीची चपटी, ६५० ची लांबट. जर्मनीतल्या जीएसआय या संशोधन संस्थेतला हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला; २०२२ च्या मोजणीने मात्र ५३२ ची लांबट आणि ६५० ची चपटी असल्याचं सुचवलं. गोल आकार सोडायला प्रोटॉनची जोडी ८२ च्या बंद, म्हणजे पूर्ण भरलेल्या कवचातून वर उचलावी लागते आणि त्याला बरीच ऊर्जा लागते. पण १०४ हा आकडा ८२ आणि १२६ च्या बरोबर मधला. न्यूट्रॉनांचं कवच असं अर्धं भरलेलं असताना प्रोटॉन-न्यूट्रॉन आकर्षण केंद्रकाचा आकार ताणतं आणि तो खर्च जवळजवळ भरून निघतो.

शून्य फिरकीवरून शून्य फिरकीवर येताना मात्र एकच गॅमा बाहेर टाकता येत नाही. गॅमा डिटेक्टरला या पातळ्यांवर उभे राहिलेले पट्टे, म्हणजे वाढत्या फिरकीच्या पातळ्यांच्या शिड्या, दिसतात, ५३२ ची थेट रेषा दिसत नाही. तिथे केंद्रक आपली ऊर्जा अणूतल्याच इलेक्ट्रॉनला देऊन त्याला बाहेर फेकतं; म्हणून सिलिकॉन डिटेक्टर लावून इलेक्ट्रॉन मोजावे लागतात. शिशाच्या सर्वांत आतल्या कवचातून इलेक्ट्रॉन सोडवायला ८८ केईव्ही खर्च होतात; म्हणून ५३२ च्या पातळीचा इलेक्ट्रॉन ४४४ ला सापडतो, आणि ६५० च्या पातळीचा ५६२ ला.