पानावरचं भोक कोण वाचणार?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पानाला भोक दिसलं की बहुतेकांना ते नुकसान वाटतं. मला मात्र वर्गात पहिल्याच तासाला तशी पानं हवी असतात. टाचणी टोचलेल्या फुलपाखरांची पेटी मी नंतर उघडतो. आधी विद्यार्थ्यांना खाल्लेली पानं आणायला सांगतो आणि विचारतो, हे कोणी केलं, आणि कधी? पानाच्या कडेला स्वच्छ अर्धगोल काप असेल तर ते पान कापणाऱ्या मधमाशीचं काम. ती पान खात नाही, घरट्याला अस्तर म्हणून तुकडा नेते. भोकाची कड वाळून तपकिरी झाली असेल तर खाणारा केव्हाच निघून गेला आहे. कड ओली, हिरवी असेल तर पान उलटून बघा, तो बहुधा तिथंच सापडेल.

नागअळीचं पान हातात आलं की मी सगळ्यांना थांबवतो. ही अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून आतला गर खात पुढे सरकते. बाहेरून दिसते ती पांढुरकी, वळणावळणाची रेघ. रेघ जिथं केसाएवढी बारीक आहे, तिथं अळी अंड्यातून निघाली. पुढे ती वाढत गेली तशी रेघ रुंदावत गेली. कधीकधी रेघ मध्येच संपते आणि अळी बाहेर पडल्याची खूण कुठंच नसते. असं पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिलं, तर मेलेल्या नागअळीच्या शेजारी दुसरीच एक लहान अळी दिसू शकते. ती परजीवी गांधीलमाशीची. झाड, त्याला खाणारा आणि त्या खाणाऱ्याला खाणारा, असे तिघं एकाच पानात भेटतात. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसतं, त्यासाठीच मी शिकवतो असं म्हटलं तरी चालेल.

पण एवढं वाचायला प्राणिशास्त्र पुरत नाही. आपण कीटक एका विभागात शिकवतो, झाडं दुसऱ्या विभागात आणि रसायनं तिसऱ्या. कीटक आणि झाड यांच्यामधलं नातं कोणाच्याच वाट्याला येत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की ते नातं हाच मूळ विषय आहे, आणि या शाखेतली मोठी कामं भिंती ओलांडणाऱ्यांनीच केली आहेत.

1910 साली व्हर्शाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या मोहरीच्या कुळातली झाडं खातात, बाकीच्या बहुतेक झाडांना तोंड लावत नाहीत. त्यानं मोहरीतलं सिनिग्रिन हे द्रव्य नको असलेल्या पानांना लावलं आणि अळ्या ती पानं खाऊ लागल्या. मोहरीचा तिखटपणा या द्रव्यातूनच येतो. द्रव्य आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) झाड वेगवेगळं साठवून ठेवतं. पान चावलं गेलं की दोन्ही एकत्र येतात आणि झणका उठतो. इतर कीटकांना पळवून लावणारी ही व्यवस्था या अळीसाठी मात्र जेवणाचं आमंत्रण आहे. तिच्या आतड्यातलं एक प्रथिन ही क्रिया कमी विषारी पदार्थाकडे वळवतं. त्याच कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी दुसरीच युक्ती वापरते. त्या द्रव्याचा सल्फेटचा भाग आधीच तोडून टाकते, म्हणजे विकराला फोडायला काही उरतच नाही.

फुलपाखरांचे अभ्यासक पॉल अर्लिक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर रेव्हन यांनी 1964 साली सहउत्क्रांतीवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध एकत्र लिहिला, तो याच प्रकारच्या निरीक्षणांवर. झाड नवं विष घडवतं, एखादा कीटक त्यावर तोड काढतो आणि दोघांच्याही वंशाला नव्या फांद्या फुटतात. पुढच्या संशोधनानं या चित्रात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला होता.

रुईचं उदाहरण तर प्रत्येकानं स्वतः बघावं असं आहे. पान तोडलं की चीक येतो. त्या चिकात कीटकांची तोंडं चिकटतात, शिवाय कार्डेनोलाइड नावाची विषं असतात. पेशीत सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा पंप ती बंद पाडतात. 'टायगर' गटातल्या फुलपाखरांची लहान अळी खाण्याआधी पानावर गोल चर कुरतडते. चीक चरातून वाहून जातो आणि मग ती आतला भाग खाते. अगदी नवजात अळ्यांपैकी काही या चिकातच अडकून मरतात. जगलेल्या अळ्यांवर विषाचा फारसा परिणाम होत नाही, कारण त्यांच्या पंपाची घडणच थोडी बदललेली आहे. या गटातल्या काही जाती ते विष अंगात साठवतात आणि पक्ष्यांना नकोशा होतात. याहून मोठी गोष्ट अशी की, अशीच झाडं खाणाऱ्या काही भुंगेऱ्यांत आणि ढेकणांच्या गणातल्या कीटकांत पंपाच्या त्याच जागेवर तोच बदल स्वतंत्रपणे झालेला सापडला.

झाडाला पळता येत नाही, पण हाक मारता येते. 1990 साली मक्याच्या रोपांवर हे दाखवलं गेलं. अळीनं पान खाल्लं की रोप विशिष्ट गंध सोडतं आणि परजीवी गांधीलमाशी त्या गंधाच्या मागावर अळीपर्यंत पोचते. नुसत्या कात्रीनं पान कापलं तर तसं होत नाही. त्या जखमेवर अळीच्या तोंडातला स्राव लावला तर होतं. कोणता गंध कीटकाला कळतो हे शोधायला आम्ही त्याची मिशीच उपकरणाला जोडतो. 1957 साली जर्मन शास्त्रज्ञ श्नायडर यांनी रेशमाच्या पतंगाच्या मिशीवर ही पद्धत बसवली. पानातून डझनावारी संयुगं निघतात, पण मिशीतून विजेचा संकेत येतो तो त्यांतल्या काहींनाच.

मातीखालीही हेच चालतं. मक्याची मुळं भुंगेऱ्याच्या अळ्यांनी कुरतडली की ती कॅरिओफिलीन हे गंधद्रव्य सोडतात आणि त्या अळ्यांना मारणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक धाग्यासारखे जंत, तिकडे सरकतात. 2005 साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वाणांत ही हाक उरलीच नसल्याचंही दिसलं. वाण निवडताना कणसाकडे पाहिलं जातं, मुळांच्या गंधाकडे कोण बघणार? पुढे 2009 साली ओरेगॅनोचं एक जनुक घालून ती हाक मक्यात परत आणली गेली. शेतातल्या चाचणीत मुळांचं नुकसान कमी झालं आणि मातीतून भुंगेरेही कमी निघाले.

हे उदाहरण एका पिकाचं आहे. बाकीच्या पिकांच्या कोणत्या वाणांत काय गमावलं गेलं, हे तपासायला कीटक आणि झाड दोन्ही ओळखणारी मुलं लागतील. म्हणून माझ्याकडे प्राणिशास्त्र शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या सत्रात झाडांची कुळं पाठ करायला लावतो.