मिहबाशचा ठेका : वादी रममधली एक रात्र

(दृश्य : लाल वाळूचं सपाट मैदान, दोन्ही बाजूंना उभे कडे. दूरवर एक जुनी पिकअप, तिच्यामागे धुळीचा पट्टा.)

जॉर्डनच्या दक्षिणेला, अकाबा बंदरापासून तासाभराच्या वाटेवर, डांबरी रस्ता एका गावात येऊन संपतो. गावाचं नाव रम. पुढे सगळी वाळूच. आपली गाडी गावात ठेवायची, गावातल्याच कुणाच्या पिकअपमध्ये मागच्या बाकावर चढून बसायचं आणि रुमालाने नाक-तोंड बांधून घ्यायचं. वादी रमचं संरक्षित वाळवंट सातशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. ते पाहायचं तर इथल्या माणसाच्या भरवशावरच.

आम्ही चौघं होतो. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. मोठ्या कॅम्पच्या वाटेला न जाता रम गावातल्या एका कुटुंबाशी थेट बोललो आणि एक दुपार, एक रात्र, एक सकाळ ठरवली. बरोबर दुसरे पाहुणे कुणी नाहीत. पैशाचं बोलणं आदल्या दिवशीच फोनवर झालं होतं. तंबूत ते पुन्हा निघालं नाही.

यजमान पन्नाशीचे, झलाबिया जमातीचे. गाडी चालवतोय तो त्यांचा धाकटा मुलगा. उतरल्या-उतरल्या ते म्हणाले, "अहलान व सहलान." अरबी बोलणारा माणूस दिवसातून पन्नास वेळा हे म्हणत असेल. पण त्यातले दोन शब्द सुटे करून बघा : 'अहल' म्हणजे घरची माणसं, 'सहल' म्हणजे सपाट, सोपी जमीन. तू आपल्याच माणसांत आलास, आणि इथली जमीन तुला सोपी आहे.

(दृश्य : कड्याच्या अंगावर हिरवी आडवी रेघ. यजमानांचा तळहात दगडावर.)

इथला डोंगर दोन दगडांचा. खाली काळपट, कठीण ग्रॅनाइट. त्यावर शेकडो मीटर उंच वालुकाश्म, लोहाच्या गंजाने लाल झालेला. पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरही पडत नाही. पण जेवढा पडतो तेवढा वालुकाश्मात झिरपतो, ग्रॅनाइटपाशी अडतो आणि दोन दगडांच्या सांध्यातून बाहेर येतो. म्हणून झरे कड्याच्या तळाशी न फुटता थोडे वर, जवळपास एका ओळीत फुटतात. तिथेच पुदिना उगवतो, अंजीर उगवतं. हिरवी रेघ दिसतेय ती त्याचीच.

यातला सगळ्यांत माहितीचा झरा ऐन शल्लाला. ज्यांनी डोंगरात पेट्रा हे शहर कोरलं त्या प्राचीन नबाती लोकांनी दगडात पन्हळ खोदून इथलं पाणी खाली नेलं होतं. 1917मध्ये, तुर्कांविरुद्धच्या अरब बंडाच्या काळात, टी. ई. लॉरेन्स नावाचा इंग्रज अधिकारी इथे राहून गेला, आणि तेव्हापासून पर्यटकांच्या नकाशात झऱ्याला त्याचं नाव चिकटलं. गावातली माणसं ऐन शल्लालाच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

(दृश्य : खझाली घळ. अरुंद, सावलीची. भिंतीवर कोरलेली पावलं, माणसं, जनावरं.)

ही खझालीची घळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागतं. भिंतीवर पावलांच्या जोड्या कोरल्या आहेत, हात पसरलेली माणसं आहेत, आणि अरबस्तानातल्या जुन्या थमुदी लिपीतली अक्षरं. वादी रमच्या दगडांवर अशी सुमारे 25 हजार चित्रं आणि 20 हजार लेख नोंदले गेले आहेत. माणसाचा इथला वावर 12 हजार वर्षांचा. लेखांमध्ये राजांच्या आज्ञा शोधू नका. बहुतेक ठिकाणी नुसतं नाव असतं : अमुक, तमुकचा मुलगा. शेळ्या चारताना, पाणी शोधताना, सावलीत बसल्या-बसल्या कुणीतरी कोरलेलं. यजमान एकेक अक्षर बोटाने दाखवतात, बोट मात्र दगडापासून वीतभर लांब ठेवतात.

(दृश्य : अगदी जवळून, दोन तळहात. हिरवं झुडूप, पाण्याचे चार थेंब, फेस.)

बाहेर आल्यावर त्यांनी एक मांसल, बिनपानांचं झुडूप मूठभर खुडलं. हे अजरम. दगडावर ठेचलं, बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं आणि हातांवर चोळलं. बघताबघता हिरवट फेस आला. वाळवंटातला साबण. आपल्याकडचा रिठा आठवला. ओंजळभर पाण्यात चौघांचे हात स्वच्छ झाले.

(दृश्य : संध्याकाळ. कड्याच्या आडोशाला काळा, बसका, लांबट तंबू.)

आता तंबू. अरबीत याला म्हणतात 'बैत अश-शअर', केसांचं घर. शेळीच्या काळ्या केसांचा दोरा कातायचा, जमिनीवर आडव्या मागावर लांबच लांब पट्ट्या विणायच्या, पट्ट्या एकमेकींना शिवायच्या. एखादी झिजली की तेवढीच उसवून नवी जोडायची. असं घर कधी संपूर्ण जुनं होत नाही, कधी संपूर्ण नवंही नसतं. उन्हात वीण सैल असते, वारा खेळतो, आतून पाहिलं तर छतात उन्हाचे बारीक ठिपके दिसतात. पाऊस आला की केस फुगतात आणि छिद्रं बुजतात. पावसात ज्यांनी घोंगडी पांघरली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मध्ये एक विणलेला पडदा. अलीकडे पुरुषांची आणि पाहुण्यांची बाजू, तिला शिग्ग म्हणतात. पलीकडे बायकांची. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, हसणं ऐकू येत होतं. आम्ही कॅमेरा तिकडे नेला नाही. ज्या हातांनी ही पट्टी न पट्टी विणली ते हात म्हणून या फिल्ममध्ये नाहीत.

हे कुटुंब एरवी गावात, सिमेंटच्या घरात राहतं. मुलं शाळेत जातात. तंबू उभा राहतो तो शेळ्या चरायला नेताना, आणि पाहुणे आले की.

(दृश्य : निखारे. लांब दांड्याची लोखंडी पळी. हिरवट कॉफीचे दाणे.)

पाहुणा येऊन बसला की पहिलं काम कॉफीचं. बरणीतली पूड चालत नाही. दाणे पाहुण्यासमोर भाजायचे, समोरच कुटायचे.

या पळीला मिहमास म्हणतात. दाणे निखाऱ्यांवर सारखे हलवत राहायचे. रंग बघा. आपल्याकडची फिल्टर कॉफी असते तसा काळपट होऊ देत नाहीत. शेंगदाण्याच्या सालाइतपत आला की बास. मग लाकडी ताटलीत ओतून गार करायचे. घाई नाही. यजमान ताटली हलवत राहतात आणि आमच्यातल्या एकाला त्याच्या आईची चौकशी करतात.

आणि हे मिहबाश. लाकडाचं उखळ, वर कोरीव नक्षी, हातभर लांब मुसळ. मुसळ एकदा तळाला आपटतं, एकदा कडेला घासून जातं. तळाचा आवाज जड, कडेचा हलका. वाळवंटात हा आवाज लांबवर जातो. ऐकणाऱ्याला कळतं की अमक्याच्या तंबूत कॉफी होतेय, म्हणजे पाहुणा आलाय, म्हणजे आपणही जायला हरकत नाही. वेगळं निमंत्रण लागत नाही.

(निवेदन थांबतं. चाळीस सेकंद फक्त ठेका. शेजारच्या घळीतून चालत येणारा एक म्हातारा, मागे त्याचा नातू.)

पूड पाण्यात उकळते, त्यात कुटलेली वेलची पडते. वेलचीला इथे हेल म्हणतात. साखर नाही, दूध नाही. गाळून ती दल्ल्यात येते, चोचीच्या पितळी किटलीत. यजमान पहिला घोट स्वतः घेतात : निर्धास्त प्या. मग दल्ला डाव्या हातात, फिंजान उजव्या हातात. फिंजान म्हणजे बिनकानाची इवली वाटी. ती काठोकाठ भरायची नाही, तळाशी दोन-तीन घोट ओतायचे. काठोकाठ भरलेला फिंजान म्हणजे 'पी आणि नीघ'.

पहिला फिंजान दैफचा, म्हणजे पाहुण्याचा. दुसरा कैफचा. हा शब्द मराठीत येऊन आपलाच झालाय, त्याचा अर्थ सांगत नाही. तिसरा सैफचा, तलवारीचा : आता तुझ्यावर कुणी चाल करून आलं तर आम्ही तुझ्या बाजूने उभे. पुरे झालं की फिंजान हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून परत द्यायचा. हलवला नाही तर ते ओततच राहतात. आमच्या ध्वनिमुद्रकाला हे ठाऊक नव्हतं, त्याला पाच झाले.

आणि पाहुण्याने फिंजान हातात घेतला, पण न पिता समोर ठेवून दिला, तर? तर त्याचं काही मागणं आहे. मुलीला मागणी घालायला आलेली माणसं असं करतात, वैर मिटवायला आलेली माणसं असं करतात. मग यजमानाने विचारायचं आणि शक्य असेल तर म्हणायचं, "कॉफी प्या, तुमचं काम झालं." त्यानंतर शब्द फिरत नाही.

जुना रिवाज सांगतो की पाहुण्याला तीन दिवस आणि एक तृतीयांश ठेवून घ्यायचं, आणि तोवर तू कोण, कुठला, कशासाठी आलास हे विचारायचं नाही. जिथे पुढचं पाणी दिवसभराच्या चालीवर आहे, तिथे दारात आलेल्याला परत पाठवणं म्हणजे त्याला मारणं. आज पाणी चुकलेला तो आहे, उद्या आपण असू. बदूंचं, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब जमातींचं, आतिथ्य म्हणतात ते या हिशेबातून आलेलं आहे, आणि हा हिशेब सगळ्यांना बांधतो, गरिबालाही. पेट्रा आणि वादी रममधल्या बदूंच्या या जगण्याची युनेस्कोने 2005 साली दखल घेतली आणि 2008मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत ते आलं. वादी रमची जमीन जागतिक वारशात आली 2011मध्ये, निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी. तारखा त्या क्रमाने आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं : आधी माणसं, मग डोंगर.

(दृश्य : वाळू उकरणारे हात. पत्र्याचं झाकण. वाफ.)

हे झर्ब. वाळूत पुरलेलं लोखंडी पिंप, तळाशी लाकडांचे निखारे. तीन मजली जाळीवर बटाटे, कांदे, गाजरं, कोंबडी, बकऱ्याचं मटण. वर झाकण, झाकणावर जुनं कांबळं, त्यावर वाळू. कुठूनही धूर निसटताना दिसला की मुलगा तिथे मूठभर वाळू दाबतो. दोन-अडीच तास. रायगडात पोपटी लावणाऱ्यांना यातलं काही परकं वाटणार नाही. तिथे मडकं आणि भांबुर्डीचा पाला, इथे पिंप आणि वाळू. आतली वाफ तीच. जेवण एका मोठ्या ताटात. यजमान स्वतः शेवटी जेवले, आणि चांगले तुकडे आमच्या बाजूला सरकवत राहिले.

(दृश्य : रात्र. कड्यांच्या काळ्या आकृती, वर आभाळ.)

दिवा विझवला. थंडी चांगलीच वाढली होती. आम्ही गाद्या उचलून बाहेर वाळूवर आणल्या.

पूर्वेला कृत्तिका, तिच्यामागून रोहिणी. रोहिणीचं अरबी नाव अल-दबरान, म्हणजे मागून येणारा, कृत्तिकेच्या मागून. पहाटे तीनच्या सुमारास यजमानांनी हाक मारून उठवलं. दक्षिणेला, दोन सुळक्यांच्या फटीत, क्षितिजापासून जेमतेम वर एक ठळक तारा होता. "सुहैल," ते म्हणाले. उन्हाळ्याच्या शेवटी सुहैल पहाटे पुन्हा दिसू लागला की उष्मा उतरणार, हे अरबस्तानातली मेंढपाळ माणसं पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. आपण त्याला अगस्त्य म्हणतो. आपल्याकडेही अगस्त्याचा उदय झाला की पावसाळा सरतो आणि गढूळ पाणी निवळतं असं मानतात. मोडक्या इंग्रजीतून मी त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ ताऱ्याकडे बघत राहिले.

(दृश्य : सकाळ. दूरवर पांढऱ्या घुमटांची रांग.)

तिकडे दिसतायत ते मोठे कॅम्प. प्लॅस्टिकचे घुमट, आत एसी, न्हाणीघर, टँकरचं पाणी. खाली दीसीचा भूजलसाठा आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचा, आता पुन्हा न भरणारा. 2013पासून तोच 325 किलोमीटरच्या जलवाहिनीने राजधानी अम्मानकडेही जातोय. गाड्यांच्या चाकोऱ्या वाळूवर वाढत चालल्या आहेत, आणि शेळ्या विकून पर्यटनावर आलेली लहान कुटुंबं पर्यटक आटले की अडचणीत येतात.

जाणार असाल तर रम गावातल्या एखाद्या कुटुंबाशी थेट बोला. एका रात्रीत किती ठिकाणं दाखवणार, हे विचारू नका. कॉफी तुमच्यासमोर भाजणार का, ते विचारा. ऑक्टोबर ते एप्रिल बरा. गरम कपडे न्या. हिवाळ्यात रात्री पारा शून्याजवळ जातो. पर्यटकांसाठीचा सरकारी 'जॉर्डन पास' असेल तर प्रवेशशुल्क वेगळं पडत नाही.

(दृश्य : विझत आलेली शेकोटी. राखेत हात घालणारे यजमान.)

निघायच्या आधी हे. कणीक, मीठ, पाणी. भाकरीएवढी जाड चकती थापायची, निखारे बाजूला सारून थेट तापलेल्या वाळूवर ठेवायची, वरून राख आणि निखारे ओढायचे. दहा मिनिटांनी उलटायची. हिला अर्बूद म्हणतात. भांडं लागत नाही, तवा लागत नाही. शेळ्यांमागे गेलेल्या माणसाच्या पोतडीत पीठ आणि मीठ असलं की झालं.

मग ती बाहेर काढायची आणि हाताने बडवायची, राख झडेपर्यंत.

(भाकरी बडवण्याचा आवाज. यजमान ती मोडतात. पहिला तुकडा कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे येतो. कॅमेरा धरणाऱ्याचा एक हात चौकटीत येतो आणि तो घेतो.)