तूर ते रोकड: ४५ दिवसांचा हिशेब

लातूरचा आडत बाजार. सौदा निघाला, पट्टी झाली, हमालांच्या पाठीवरून तुरीचे कट्टे ट्रकमध्ये चढताहेत. समजा, भाव ७,००० रुपये क्विंटल आणि डाळमिल रोज १०० क्विंटल तूर भरडते. म्हणजे रोज ७ लाख रुपये तुरीत गेले. ते परत कधी येणार, हे कळायला तुरीच्या मागोमाग मिलमध्ये जावं लागतं.

आधी चाळणी. खडे, माती, काडीकचरा निघतो, दाणे आकाराप्रमाणे वेगळे होतात. इथं हयगय झाली तर एकाच खरखरीत फिरत्या रोलमध्ये मोठा दाणा फुटतो आणि बारीक तसाच सुटतो. रोलवर सालाला फक्त ओरखडा द्यायचा असतो. टरफल आतल्या डाळीला डिंकासारख्या थरानं चिकटलेलं असतं, म्हणून त्या ओरखड्यांतून तेल मुरवतात. मग वाळवण. हे पाहा: तूर पातळ पसरलेली, बायांचे हात ती सारखी उलथत आहेत. आभाळ आलं की इथले दिवस वाढतात. घाईनं ओलसर माल रोलवर घेतला तर टरफल सुटत नाही, पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो आणि डाळीची कणी होते.

आता कणीचा हिशेब. १ क्विंटल तुरीतून ७२ किलो डाळ, ९६ रुपयांनी ६,९१२. कणी, चुनी (डाळीचा बारीक चुरा), टरफल मिळून २५ किलो, सरासरी २० रुपयांनी ५००. राहिलेले ३ किलो घट. आले ७,४१२. तुरीचे ७,००० आणि मजुरी, वीज, तेल, बारदान यांचे २५० वजा करा: हाती १६२. उतारा, म्हणजे क्विंटलमागे निघणारी डाळ, १ किलोनं घसरला, तर ९६ चा माल २० नं जातो. ७६ रुपये गेले.

तूर गोदामात १५ दिवस, प्रक्रियेत ५, तयार डाळ ५, व्यापाऱ्याकडे उधारी ३०. झाले ५५. आडत्यानं तुरीचे पैसे द्यायला १० दिवसांची सवड दिली तर उरले ४५. ७ लाख गुणिले ४५, म्हणजे ३ कोटी १५ लाख. खेळतं भांडवल ते हे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी हे सूत्र फळ्यावरून उतरवण्याआधी एकदा या वाळवणावर उभं राहायला हवं. वर्षाला १० टक्के व्याजानं एका क्विंटलचे ४५ दिवसांचे ८६ रुपये होतात. १६२ मधले राहिले ७६, म्हणजे त्या एक किलो उताऱ्याएवढेच.

उधारी ३० ची ४५ झाली की आणखी १ कोटी ५ लाख अडकतात. नफा-तोटा पत्रक नफाच दाखवतं, पण उद्याच्या सौद्याला खात्यात पैसे नसतात. बँकेची कॅश क्रेडिट उचल, म्हणजे साठा आणि येणी यांच्या तारणावर काढता येणारे पैसे, दरमहाच्या साठा विवरणपत्रावर ठरते: साठा आणि येणी, त्यातून देणी वजा, शिवाय साधारण २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकाचा स्वतःचा वाटा, वजा. फार जुनी येणी त्यात धरत नाहीत. पैशाची नड असते तेव्हाच उचल घटते. एक पाळी बंद होते, रोजंदारीच्या बाया घरी बसतात.

उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापलेला हवा आणि माल पोचल्याच्या पावतीवर घेणाऱ्याची सही, तारखेसह.