नाडीची गाठ

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड. पोती उतरतायत, उन्हात पिवळी धूळ.)

हळदीचा हंगाम. वखारीत बायका हळद निवडतायत, हळकुंडं एकीकडं, गड्डे दुसरीकडं. बोटांचा पिवळेपणा चार-चार दिवस जात नाही. मावशींची जागा त्या खांबाशी. दोन वर्षांपूर्वी त्यांचं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग सहा किमो. वखारीत अजून 'पिशवीचा आजार' म्हणतात. पिशवी निराळी, अंडाशय निराळं. असो.

(दृश्य: परकराची नाडी, जवळून.)

गाठ नेहमी इथं पडायची, तिथं सूत काळपट झालंय. संक्रांतीनंतर ती दोन बोटं टोकाकडं सरकली. आणि अर्ध्या भाकरीतच पोट तट्ट. घरच्यांनी ओवा दिला, मेडिकलातून गॅसची गोळी आणली. त्यात तीन आठवडे गेले.

(दृश्य: पोटाची आकृती.)

हा आजार बहुतेकदा पोटाच्या आतल्या अस्तरावर परततो. अस्तरावर बारीक गाठी धरल्या की पाणी झिरपतं, ते शोषणाऱ्या वाटा तुंबतात, पाणी साठतं. आतड्यावर दाब आला की शौचाला अडतं, मूत्राशयावर आला की सारखी लघवी. छातीत पाणी झालं तर जिना चढताना धाप लागते. उलट्या सुरू होऊन वारंही सरेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

(दृश्य: फाइलमधला रिपोर्ट.)

सीए-१२५, या आजारात रक्तात तपासतात तो आकडा. ३५ च्या आत नॉर्मल धरतात. आजार परतताना हा आकडा त्रासाच्या काही महिने आधीही चढतो, कधी चढतच नाही. आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, नुसता आकडा चढला म्हणून लगेच उपचार घेतलेल्या बायका काही जास्त जगल्या नाहीत. म्हणून डॉक्टर कागदाबरोबर हेही विचारतात, जेवण किती जातं?

(दृश्य: सांगली-मिरज बस. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, आत फाइल.)

तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली होती. मावशी आधीच निघाल्या.

(दृश्य: सीटी स्कॅनचं दार. शांतता.)

आजार परतलाय. मागच्या किमोला सहा महिन्यांहून जास्त झाल्यानं त्याच गटातलं औषध पुन्हा चालू केलंय.

(दृश्य: वखार. खांबाशी रिकामं सूप.)

सोमवारी तिसरी किमो. गाठ पुन्हा काळपट जागेशी आलीय. स्कॅन त्यानंतर.