आगोट, पण वाऱ्याची

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सकाळचे सात वाजलेत आणि आत्तापासूनच अंग घामाने चिकचिकायला लागलंय. हे आमचं घर, श्रीवर्धन तालुक्यातलं, समुद्र इथून चालत दहा मिनिटांवर. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागच्या दारी विहीर आणि त्यामागे नारळी-पोफळीची वाडी. आई सुका जवळा निवडून डब्यात भरतेय, काकू आमसुलं उन्हात उलटीपालटी करतेय, जळणाची फाटी कोरडी आहेत तोवर पडवीच्या कोपऱ्यात रचून झालीत. ह्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. पाऊस एकदा सुरू झाला की चार महिने काही सुकत नाही, म्हणून आधीच सगळी बेगमी करून ठेवायची.

आणि मी शिडीवर आहे, हातात बारीक तारेचं भेंडोळं घेऊन, छपराची कौलं बांधायला. हे काम आजीच्या आगोटीत कधीच नव्हतं. ते 2020 नंतर आलं.

(दृश्य: पडवीचं छप्पर, खालून)

3 जून 2020. निसर्ग वादळ. लॉकडाऊनमुळे मी मुंबईहून घरी आले होते, गावात बरेच चाकरमानी आलेले. 1 जूनला अरबी समुद्रात डिप्रेशन, म्हणजे वादळाच्या आधीचं कमी दाबाचं क्षेत्र, तयार झालं, 2 तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं आणि 3 तारखेला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. म्हणजे बघा, नाव पडल्यापासून दारात येईपर्यंत जेमतेम एक दिवस. हवामान खात्याने इशारे वेळेवर दिले होते, त्यात काही कमी नव्हती, पण एका दिवसात माणूस घर सोडून शाळेत जाऊन बसू शकतो, घराचं छप्पर बांधू शकत नाही.

आम्ही माजघरात बसलो होतो, सगळे, बाहेर काही दिसत नव्हतं, नुसता आवाज. आजी देवघरापाशी बसून आवाजावरून सांगत होती, आता पडवीची कौलं गेली, आता ओटीची चाललीत. आणि तसंच झालं होतं. आधी पडवीचा कडेचा थर उचलला गेला, तिथून वारा आत शिरला आणि मग आतून ढकलत ढकलत वरपर्यंत गेला. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीतून सरळ समुद्र दिसत होता. इतक्या वर्षांत तो कधी तिथून दिसला नव्हता कारण मधे पोफळी होत्या, आणि आता त्या अर्ध्यातून मोडून पडलेल्या. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, तिकडे खाली मंडणगड, दापोली, सगळीकडे हेच. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे त्या दोन तासांत किती घरांची किती वर्षं गेली त्याचा हिशोबच करवत नाही.

मला त्या दिवसापासून एक गोष्ट सलतेय. आपली सगळी तयारी पावसाची होती. शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलायची, पडवीला झावळ्यांच्या झापा बांधायच्या म्हणजे पावसाची झड आत येत नाही, मांडव उतरवायचा. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण पाऊस वरून पडतो, छप्पर खाली दाबतो. वादळाचा वारा छपरावरून जोरात जातो तेव्हा तो छप्पर वर ओढतो. आपली कौलं नुसती ठेवलेली असतात, एकावर एक, स्वतःच्या वजनावर. वजनावर बसलेली वस्तू वर ओढली की सुटणारच. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणजे नेहमीच्या पावसाळी वाऱ्यात टिकलं म्हणून वादळात टिकेल हा हिशोबच चुकीचा आहे.

(दृश्य: हातात एक कौल, उलटं धरलेलं)

हे बघा. मंगलोरी कौल उलटं केलं की मागे रिपेत, म्हणजे कौलाखालच्या आडव्या लाकडी पट्टीत, अडकायला खुंटीसारखे उंचवटे दिसतात. त्यांच्याजवळ हे बारीक भोक, दिसलं? बऱ्याच कौलांना असतं आणि बहुतेक वेळा ते मातीने बुजलेलं असतं. मी लहानपणापासून ही कौलं हाताळतेय पण हे भोक कशासाठी ते मला कधी कुणी सांगितलं नाही. ते तार ओवायला आहे. तार ओवायची, रिपेभोवती फिरवायची, पक्कडीने पीळ द्यायचा, बस. सगळ्या घराची कौलं बांधायची गरज नाही, निदान कडेच्या दोन ओळी, चारही कोपरे आणि आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं, एवढं तरी बांधा, कारण वारा सगळ्यात जोरात ओढतो तो कडांना आणि कोपऱ्यांना. तार गंजणारी नको, गॅल्वनाइज्ड घ्या, समुद्राच्या हवेत साधी तार लवकर खाल्ली जाते आणि आपण समजतो की बांधलेलं आहे.

कौलं बांधली पण वासाच सुटा असेल तर सगळं छप्पर एकदम जाईल. म्हणून वासा आणि भिंतीवरचं लाकूड जिथे भेटतं तिथे लोखंडी पट्टी मारून घ्यायची. हे सुताराचं काम आहे, आणि सुतार जूनमध्ये मिळत नाही, एप्रिलमध्येच त्याला सांगून ठेवा.

पत्र्याचं छप्पर असेल तर हुक आणि स्क्रू तपासा. वॉशर उन्हाने कडक होऊन फुटलेला असतो, स्क्रूभोवती भोक मोठं झालेलं असतं, अशा जागी पत्रा आधी फडफडतो आणि मग फाटून निघतो. कडेला स्क्रू जवळजवळ हवेत, मधल्यापेक्षा दुप्पट म्हणा ना. लोक वर दगड आणि विटा ठेवतात, ते नका ठेवू, पत्रा उचलला गेला की तोच दगड शेजारच्याच्या अंगणात जातो. आणि स्लॅबची घरं असलेल्यांनो, तुम्हालाही सांगायचंय. गळू नये म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घातली असेल तर ती गावातली सगळ्यात उंच आणि चारही बाजूंनी उघडी जागा आहे. निसर्गमध्ये अशा शेडी अख्ख्याच्या अख्ख्या उडाल्या आणि कौलारू घरांवर जाऊन पडल्या. खांब स्लॅबमध्ये नीट बोल्ट केलेत का ते बघा.

खिडकीच्या काचेला चिकटपट्टीची फुली मारून काही होत नाही, काच फुटायची ती फुटतेच. प्लायवूड किंवा जुनी फळी कापून ठेवा, त्यावर कुठल्या खिडकीची ते लिहून ठेवा. दाराला आतून अडसर. हवा जायला एक खिडकी उघडी ठेवावी असं म्हणतात, ते ऐकू नका. वारा आत येता कामा नये, एवढंच.

आता विहीर. हे मी कधी विसरणार नाही. वादळानंतर पिण्याचं पाणी संपलं, विहिरीत पाणी होतं पण काढायला पंप आणि पंपाला लाईट नाही. विजेचे खांब रस्त्यावर आडवे, काही गावांत तर महिनाभर लाईट आली नाही. रहाट आम्ही कधीच काढून टाकलेला, पोहरा माळ्यावर गंजलेला, दोर कुजलेला. शेवटी गुरांची दावी एकमेकांना बांधून कळशी खाली सोडली, मधली गाठ सुटली, आणि आईच्या माहेरची तांब्याची कळशी तळाला गेली. तेव्हापासून ही कप्पी, हा पोहरा आणि हा नवा दोर. दर मे महिन्यात दोर उन्हात टाकून हाताने ओढून बघायचा.

छपरावरची प्लॅस्टिकची टाकी वादळाआधी काठोकाठ भरा. पाणी तर होतंच, शिवाय पाचशे लिटरची टाकी भरली की पाचशे किलो होते, रिकामी टाकी फुग्यासारखी जाते. नारळ आणि सुकलेल्या झावळ्या मे महिन्यातच उतरवून घ्या, घरावर आलेल्या आंब्याच्या फांद्या छाटा. आंब्याचा घेर मोठा, तो वारा धरतो आणि मुळासकट आडवा होतो. सातबारा, रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक डबल प्लॅस्टिकमध्ये. घराचे आणि वाडीचे फोटो आधीच काढून ठेवा, तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा आधी काय होतं ते दाखवायला काहीतरी हवं ना.

वादळ येणार म्हटलं की मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, गुरांची दावी सोडायची. बांधलेलं जनावर गोठा पडला की तिथेच मरतं. घर कौलारू किंवा पत्र्याचं असेल आणि रेड अलर्ट असेल तर घरात थांबूच नका, पक्क्या इमारतीत जा, आजीला आधी न्या. आणि वारा मधेच एकदम थांबला, लख्ख झालं, तरी बाहेर यायचं नाही. तो वादळाचा डोळा असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो. आधीच खिळखिळं झालेलं सगळं तेव्हा पडतं.

अमेरिकेत 1 जून ते 30 नोव्हेंबर हरिकेनचा सीझन धरतात, लोक तारीख बघून तयारीला लागतात. आपल्या अरबी समुद्रात दोन वेळा असतात, एक पावसाच्या तोंडावर आणि एक पाऊस गेल्यावर. 2009 चं फयान नोव्हेंबरमध्ये आलं होतं. आणि निसर्गला वर्ष व्हायच्या आत, 2021 च्या मे महिन्यात, तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गुजरातला गेलं. तेव्हा आमची नवी कौलं अजून लाल होती.

(दृश्य: शिडीवरून, पडवीची कड)

ह्या ओळीत 42 कौलं आहेत. 39 बांधून झाली. आजी आता नाही, पण पडवीत तिची खुर्ची अजून तिथेच आहे, आणि आई खालून विचारतेय की झालं असेल तर उतर, दोर ओढून बघायला दुसरा माणूस लागतो.