नऊ कवट्या कोणी मोजल्या?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापला आहे, 'चिनी अद्भुतकथांतले तरुण मांत्रिक आणि गायब होणारी माणसं'. मागच्या रांगांमध्ये बसलेल्या मुलामुलींनी या मालिका उपशीर्षकं वाचत, रात्र-रात्र जागून मोबाइलवर संपवलेल्या आहेत, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसतंय. पुढच्या रांगांसाठी दोन वाक्यांत सांगतो. डोंगरावर एक गुरुकुल असतं. तिथे साधना करणारे शिष्य, पांढरे झगे, कमरेला तलवार, बाहीत पिवळ्या कागदावर हिंगुळानं लिहिलेले मंत्र. पायथ्याच्या गावातून माणसं नाहीशी होऊ लागतात. गुरुजी शिष्यांना म्हणतात, जाऊन बघा.

मला बोलायचंय ते या 'जाऊन बघा'बद्दल. या कथांचा विषय निघाला की जो तो लढाईबद्दल बोलतो. लढाई छानच असते, तलवारीवर उभं राहून उडायला कोणाला आवडणार नाही? पण लढाईच्या आधी ही पोरं काय करत असतात ते बघा. खाणावळीत बसून मालकाला विचारतात, शेवटचं माणूस कधी गेलं? कुठल्या वाटेनं गेलं? त्याच्या आधी कोण गेलं होतं? घरच्यांनी तक्रार केली का? हा भाग लोक पुढे ढकलून देतात! मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण दोन हजार वर्षांची परंपरा त्या खाणावळीतल्या टेबलावर बसलेली असते. चिनी कथेत भुताच्या मागे लागणारा माणूस आधी कारकून असतो आणि मग मांत्रिक. त्याचं पहिलं काम असतं मोजण्याचं. किती गेले, कोण गेले, कोणाच्या लक्षात आलं नाही.

हे मी हवेत बोलत नाही. १९७५ साली चीनच्या हूबेइ प्रांतात, युनमंगजवळ श्वेइहूदी नावाच्या ठिकाणी एक थडगं उघडलं गेलं. त्याचा क्रमांक ११. आत शी नावाचा छिन राजवटीतला एक कनिष्ठ अधिकारी होता, इसवीसनापूर्वी २१७च्या सुमारास पुरलेला. शवपेटीत त्याच्या देहाभोवती बांबूच्या पट्ट्या रचल्या होत्या, ११०० हून जास्त. त्यांवर कायदे आहेत, आणि गुन्ह्याच्या जागेची पाहणी कशी करायची याचे नमुनेही आहेत. एका नमुन्यात रात्री भिंतीला भोक पाडून कोणीतरी कपडा चोरलाय. अधिकारी भोकाचं माप घेतो, कशानं खणलं ते बघतो, मातीत उमटलेले गुडघ्यांचे आणि हातांचे ठसे आणि पादत्राणांच्या खुणा नोंदवतो. दुसऱ्यात एक माणूस गळफास लागलेल्या अवस्थेत सापडलाय, तर दोरीचे वळ कसे आहेत, जीभ बाहेर आली आहे का, हे बघायला सांगितलंय. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी!

आणि त्याच थडग्यात, त्याच माणसाजवळ, शुभाशुभ दिवसांचं पुस्तक आहे आणि त्यात एक प्रकरण भुतांचं. भूत विनाकारण माणसाच्या मागे लागलं तर पीचच्या लाकडाचं धनुष्य करा, काटेरी झाडाच्या काडीचा बाण करा, त्याला कोंबडीची पिसं लावा, दिसताक्षणी मारा. यातली एक नोंद माझी फार लाडकी आहे. घरातली सगळी माणसं कारण नसताना आजारी पडताहेत, मरताहेत. तर म्हणे, घरात एक भूत उभं पुरलेलं आहे. ओळखायचं कसं? त्याच्या वरची जमीन दुष्काळात ओली असते आणि पावसात कोरडी. ती जागा शोधा, खणा, काढून टाका. भिंतीच्या भोकाशी वाकून ठसे बघणारी नजर आणि ही ओली जमीन शोधणारी नजर एकच आहे. मंत्राचा एक शब्दही नाही. जमीन बघा, म्हणतोय तो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. यात वेळ जाणार आहे, पण ली जीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

ही गोष्ट चौथ्या शतकात गान बाओनं लिहून ठेवली. गान बाओ पूर्व जिन दरबाराचा इतिहासकार. राजवंशाचा इतिहास लिहिणारा हा माणूस भुताखेतांच्या घटनाही नोंदवून ठेवतो, आणि तेही अहवालासारख्या कोरड्या भाषेत, गावाच्या नावासकट. आजच्या फूज्यान प्रांताच्या मुलखात योंगलिंग नावाचा डोंगर होता. त्याच्या कपारीत साप होता, सात-आठ झांग लांब, म्हणजे पन्नास-साठ फूट. लोक मरत होते, खुद्द अधिकारी मरत होते. बैल-बकऱ्यांचे बळी देऊन झाले, उपयोग शून्य. मग सापानं कोणाच्या स्वप्नात येऊन, कोणा अंगात येणाऱ्याच्या तोंडून मागणी घातली. बारा-तेरा वर्षांच्या मुली हव्यात.

इथे आपल्या सगळ्यांना एकचक्रा नगरी आठवली असणार. बकासुर, गाडाभर अन्न, घरटी एक माणूस. पण फरक लक्षात घ्या. एकचक्रेत प्रत्येक घराची पाळी येते. गान बाओ लिहितो की इथल्या अधिकाऱ्यांनी मुली मिळवल्या त्या घरच्या गुलाम बायकांना झालेल्या आणि गुन्हेगार ठरलेल्या कुटुंबांतल्या. त्या आणायच्या, पोसायच्या आणि आठव्या महिन्यात सापाच्या तोंडाशी नेऊन सोडायच्या. एका वर्षी एक, अशा नऊ मुली गेल्या. सोळाशे वर्षांपूर्वीचा दरबारी लेखक एका ओळीत सांगून जातो की ज्यांच्याबद्दल कोणी विचारायला येणार नाही, अशाच मुली निवडल्या होत्या. मला ही ओळ सापाच्या वर्णनापेक्षा जास्त घाबरवते. सापाला भूक होती. यादी माणसांनी केली होती.

दहाव्या वर्षी मुलगी मिळेना. जियांगल इथल्या ली दानला सहा मुली, मुलगा नाही. धाकटी ली जी म्हणाली, मी जाते. आईबाप नाही म्हणाले. तिनं घातलेला वाद ऐकवत नाही. आम्ही सहाजणी असून नसल्यासारख्या, म्हातारपणी तुम्हाला पोसू शकणार नाही, मला विकून चार पैसे तरी मिळतील. तरी आईबाप ऐकेनात. ती गुपचूप निघाली.

निघताना तिनं काय मागितलं? एक चांगली तलवार आणि साप धरणारा कुत्रा. ठरलेल्या दिवशी देवळात जाऊन बसली. त्याआधी तिनं भाताचे लाडू केले होते, ढीगभर, मधात आणि भाजलेल्या पिठात घोळवलेले. ते कपारीच्या तोंडाशी ठेवले. रात्री साप बाहेर आला. डोकं धान्याच्या कणगीएवढं, डोळे दोन-दोन फुटांच्या आरशांसारखे. त्याला वास लागला आणि तो आधी खायला लागला. (हसू नका, मधाचा लाडू समोर असेल तर तुम्हीही आधी तोच खाल.) तिनं कुत्रा सोडला, कुत्र्यानं चावा घेतला, तिनं मागून घाव घातले. साप तडफडत अंगणापर्यंत आला आणि मेला.

इथे कोणताही दुसरा कथाकार थांबला असता. ली जी थांबत नाही. ती कपारीत शिरते आणि नऊ कवट्या शोधून बाहेर आणते. नऊच्या नऊ. दहा वर्षांत त्या नऊ जणींची मोजदाद पहिल्यांदा झाली, आणि ती केली कोणी, तर दहावी ठरलेल्या मुलीनं. त्या कवट्यांना ती म्हणते की तुम्ही भित्र्या होतात म्हणून खाल्ल्या गेलात, किती वाईट. हे तिचं बोलणं मला पटत नाही, आजही नाही. त्या मुलींना कोणी तलवार दिली होती? कुत्रा दिला होता? पण मग ती सावकाश पावलं टाकत घरी चालू लागते, आणि तिच्यावरचा माझा राग टिकत नाही. पुढे यूएच्या राजानं तिला राणी केलं, बापाला जियांगलचा अधिकारी नेमलं. यादी करणाऱ्या अधिकाऱ्यांचं काय झालं, गान बाओ सांगत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं.

ह्युएनत्संग आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला, पुलकेशीच्या राज्याबद्दल लिहिलं, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं म्हणाला. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात हेही त्यानंच लिहून ठेवलं. यावर तासभर बोलता येईल, पण नको. सोळाव्या शतकातल्या 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीत हाच भिक्षू दर दोन-चार प्रकरणांनी राक्षसांच्या हाती सापडतो. त्याचा शिष्य सुन वूकोंग, म्हणजे वानर, त्याला सोडवतो. आता वानराची पद्धत बघा. नवा राक्षस दिसला की तो पुष्कळदा त्या जागेच्या भूमिदेवाला बोलावून विचारतो, हा कोण, कुठला? बाओश्यांग राज्याची राजकन्या तेरा वर्षं बेपत्ता असते, तिला राक्षसानं नेलेलं असतं. लढाईत राक्षस अचानक नाहीसा होतो. वानर थेट स्वर्गात जातो आणि म्हणतो, तुमच्यातलं कोणी कमी आहे का ते बघा. अठ्ठावीस नक्षत्रांची मोजणी होते. भरतात सत्तावीस. खुई नावाचं नक्षत्र तेरा दिवस गैरहजर. स्वर्गातला एक दिवस म्हणजे खाली एक वर्ष. खाली एक राजकन्या कमी, वर एक नक्षत्र कमी, दोन्ही नोंदी जुळवल्या आणि प्रकरण उलगडलं. राक्षसाला शिक्षाही कचेरीतली. पगार चालू, आणि भट्टीसमोर विस्तव राखायचा.

आता ज्यासाठी बोलावलं होतं ते, भरभर. गे होंग नावाचा ताओपंथी चौथ्या शतकात लिहितो की डोंगरात जाणाऱ्या साधकानं पाठीवर आरसा बांधावा. जुनी झालेली वस्तू माणसाचं रूप घेऊ शकते, पण आरशात तिचं खरं रूप दिसतं. मालिकांमधले ते आरसे, भूत जवळ आलं की फिरणाऱ्या सुया, यांचं मूळ असल्या साधनांत आहे. मारण्याआधी ओळखायचं, हा क्रम.

क्रम उलटला की काय होतं, तेही चीननं पाहिलंय. १७६८ साली ज-ज्यांग प्रांतातल्या दछिंगमध्ये पुलाचं काम चालू असताना अफवा उठली की गवंडी आणि भटके भिक्षू लोकांचे आत्मे चोरतात, त्यासाठी वेण्या कापतात. च्यानलोंग बादशहानं शोधमोहीम लावली. ठसे, मापं, मोजणी काही नाही. आधी भिक्षुक आणि भिकारी पकडले, मग छळ करून कबुल्या घेतल्या. त्या कबुल्या पुढे टिकल्या नाहीत आणि वर्ष संपण्याआधी मोहीम गुंडाळावी लागली. तोवर माणसं मेली होती. शीच्या थडग्यातल्या पट्ट्यांवर याचंही उत्तर होतं. तिथे लिहिलंय की मारहाण न करता सत्य काढणं उत्तम.

म्हणून आजच्या कथांमधली ती विशीतली पोरं मला मोलाची वाटतात. जिन्जियांगसारख्या संकेतस्थळांवर गेली वीसेक वर्षं ज्या कादंबऱ्या लिहिल्या जाताहेत, त्यांत चांगल्या लेखिका एक गोष्ट करतात जी गान बाओनं केली नव्हती. त्याच्या कथेत बापाचं नाव आहे, डोंगराचं नाव आहे, मेलेल्या नऊ मुलींपैकी एकीचंही नाही. नव्या कथांत तरुण साधक भुताला कैद करण्याआधी त्याच्याशी बोलतो, तू कोण, तुला कोणी मारलं, हे विचारतो, आणि मेलेली मुलगी आपलं नाव सांगते, गाव सांगते, कोणी विकलं ते सांगते. पुष्कळदा शोध राक्षसाच्या गुहेऐवजी एखाद्या प्रतिष्ठित घराण्याच्या तळघराशी जाऊन पोचतो. मागच्या रांगेतल्यांनो, पुढची मालिका बघाल तेव्हा खाणावळीचा प्रसंग पुढे ढकलू नका. आणि ज्या कथेत गायब झालेल्यांना नावं नाहीत, तिच्या लेखकाला जाब विचारा, प्रतिक्रियेत, रागानं, जसा जमेल तसा.

वेळ संपली. प्रश्न घेतो. त्या निळ्या शर्टवाल्या मुलानं केव्हाचा हात वर केलाय, आधी त्याला माइक द्या.